दोन चाव्यांच्या रंगारी मॅडम

कारध्यात कोणालाही विचारा, रंगारी मॅडमचं आणि माझं कसं होतं म्हणून. ऐकायला मिळेल, "कायचं जी, दोघीचं पटतच नव्हतं!" आणि पुरावाही लगेच देतील. दोघी राहायला एका गल्लीच्या अंतरावर, दोघी नदीपलीकडं भंडाऱ्याच्या एकाच कॉलेजात, एकाच खोलीत काम करायच्या. पण सकाळी मी माझ्या स्कूटरवर एकटी, मागची सीट रिकामी, आणि मॅडम छत्री धरून स्टॉपवर एसटीची वाट पाहत उभ्या. मी त्यांच्या नाकासमोरून जायची. त्या हातानं 'जा, जा' करायच्या. ऊन असो की पाऊस, हेच.

माझी घरमालकीण बेबीबाई. तिला हे बघवत नसे. एकदा धो धो पावसात मी निघाले, तर ती ओसरीतूनच ओरडली, "पोरी, तुही माय असती तं तिले अशी भिजत ठेवली असती का वो?" माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण सांगणार काय? सांगायचीच बंदी होती. मी दात-ओठ खात गाडी काढली. मागून ऐकू आलं, "शिकून मानूस असाच होते बाप्पा!"

कारण एवढंच होतं की माझ्या बॅगेत एक चावी असायची आणि मॅडमच्या पर्समध्ये दुसरी. आणि मॅडमचा नियम होता, दोन चाव्या एका गाडीत बसत नाहीत.

कसल्या चाव्या ते सांगते. आमचं फार्मसीचं कॉलेज. तिथं विद्यापीठानं मान्य केलेलं लहानसं संशोधन केंद्र होतं, आणि डॉ. वत्सला रंगारी त्याच्या प्रमुख. आमच्याकडच्या जंगलातल्या झाडपाल्यात दुखणं कमी करायचा गुण आहे का, हे आम्ही पांढऱ्या उंदरांवर तपासायचो. मी लाखांदूरकडची, नवी लेक्चरर, मॅडमच्या हाताखाली पळसाच्या सालीवर पीएच.डी. करत होते. आता पळसाची साल किती कामाची हे ठरवायचं, तर शेजारी तुलनेला जगानं मान्य केलेलं एक पक्कं औषध लागतं. ते म्हणजे मॉर्फिन. आणि मॉर्फिन काही किराण्याच्या दुकानात मिळत नाही. त्याला सरकारी परवाना लागतो, तो परवाना एका जबाबदार माणसाच्या नावावर असतो, माल लोखंडी कपाटात राहतो, कपाटाला दोन कुलपं, आणि दोन कुलपांच्या चाव्या दोन माणसांकडं. इथवर बाकीच्या ठिकाणीही असंच असेल. गाडीचा नियम मात्र मॅडमचा घरचा.

मी पहिल्यांदा चावी घेतली त्या दिवशी विचारलं होतं, "मॅडम, हे काहून?"

"दोघी एका गाडीत गेलो अना गाडी उलटली तं? दोन्ही चाव्या वैनगंगेत. मंग कपाट कोन उघडन?"

"दोघीच मेलो तर कपाटाची काळजी कायले जी?"

"मेल्यावर तं जास्तच! लोक म्हनतीन, माल घेऊन गेल्या." आणि खो खो हसल्या. मॅडमना स्वतःच्या विनोदावर आधी स्वतः हसायची सवय होती. समोरच्याला उरलंसुरलं हसू घ्यावं लागे.

बुटक्या, गोलसर, सुती साडीवर पांढरा ॲप्रन आणि त्याच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, जसं काही आत्ता बांधीतल्या चिखलात उतरून धानाचा रोवणा करायचा आहे. आसगावच्या धानाच्या घरातल्या होत्या. वर्गात शिकवताना भाषा अगदी पुस्तकी, वाक्य कुठं सांडायचं नाही. पण राग आला किंवा आनंद झाला की बाई थेट आसगावला पोचायच्या. आम्हा मुलींना त्यावरून त्यांचं मन कळायचं. "दोनाडकर, कृपया इकडे या" असं मला आडनावानं म्हटलं की काही विशेष नाही, आणि "ये वो पोट्टी" म्हटलं की एकतर शाबासकी नाहीतर धिंडवडे.

डब्यात रोज भात आणि लाखोळीच्या डाळीचं वरण. त्या डब्याचा मोठा पराक्रम आहे. हा परवाना मिळवायला मॅडमनी नागपूरच्या कचेरीत किती खेटे घातले ते त्या स्वतःही सांगू शकत नसत. तिथले एक बाबू पहिल्या भेटीतच म्हणाले होते, "बाई, उंदीर मारायले एवढं महाग औषध कायले पाहिजे? दुकानात पुडी भेटते."

"मारायले नाही जी. त्याचं दुखनं मोजायले."

"उंदराचं दुखणं?" बाबूंनी बाजूच्या टेबलावरच्या माणसाला बोलावून घेतलं आणि पुन्हा म्हणायला लावलं. दोघं हसले. मॅडमही हसल्या, आणि त्या दोघांपेक्षा जास्त वेळ हसल्या. मग समोरच्या बाकावर बसून डबा उघडला. जेवणाऱ्या बाईला ऊठ म्हणायची आपल्याकडं कोणाची छाती नाही, हे त्यांना ठाऊक होतं. दर खेपेला ऐन दुपारी जायच्या, फाईल कुठवर आली विचारायच्या आणि बाकावर बसून सावकाश जेवायच्या. शेवटी त्या बाबूंनाच लाखोळीच्या वासाची सवय झाली. परवाना हातात दिला तेव्हा ते म्हणाले म्हणे, "आता बाई तुम्ही येणार नाही?" मॅडम म्हणाल्या, "येईन ना जी, नूतनीकरणाले."

उंदरांवर जीव. पिंजऱ्यासमोर उभ्या राहून त्यांच्याशी बोलायच्या. नव्या पोरापोरींना पहिल्याच दिवशी दम असायचा, "याले दुखते. हे ज्या दिवशी विसरशीन, त्या दिवशी हे खोली सोडजो." एखाद्याचा हात थरथरला तर रागवत नसत. ज्याचा थरथरत नसे त्याच्यावर मात्र डोळा ठेवायच्या.

आणि थेंब! त्या थेंबापायी आम्ही किती शिव्या खाल्ल्या. उंदराला लागतं ते एवढंसं, त्यामुळं कुपीत, सिरिंजमध्ये थोडं उरणारच. बाकी कुठं ते बेसिनमध्ये जात असेल. मॅडमकडं उरलेला थेंबही साक्षीदारासमोर नष्ट व्हायचा. आणि साक्षीदार म्हणजे आम्ही दोघी सोडून तिसरा, कॉलेजचा कोणीही शहाणा माणूस. ग्रंथपाल येऊन गेले, हिशेबनीस येऊन गेले. एकदा कोणीच मिळेना, आणि नेमके आमचे प्राचार्य लांजेवार सर मीटिंगला निघालेले, कॉरिडॉरमधून घाईघाईनं चाललेले. मॅडमनी दारातून हाक मारली, "सर, एक मिनिट. एक थेंब पाहून जा." बिचारे आत आले. मॅडमनी सिरिंज उजेडाकडं धरून दाखवली, राख-कोंड्याच्या डब्यात रिकामी केली, कालवली, पुन्हा दाखवली. सर म्हणाले, "दिसला." मॅडम म्हणाल्या, "आता सही." सर म्हणाले, "मॅडम, माझ्या लग्नातसुद्धा एवढं बारकाईनं कोणी काही पाहिलं नव्हतं." पण सही केली. त्यानंतर सर बरेच दिवस आमच्या कॉरिडॉरनं जाईनात, मागच्या जिन्यानं जायचे.

मला हे सगळं अती वाटायचं, खोटं कशाला बोलू. माझा स्वभाव तापट, आणि त्यात संशोधनाची घाई. एकदा भडकून बोललेच, "मॅडम, आपण काय चोर आहोत का? एवढा अविश्वास कायले?"

त्यांनी चष्मा काढला. आता धिंडवडे, असं मला वाटलं. पण त्या हळू आवाजात बोलल्या. तरुणपणी त्या दुसऱ्या एका कॉलेजात होत्या. तिथं त्यांची एक मैत्रीण होती, पुष्पा. कपाटाची चावी तिच्या एकटीकडं. एका मोजणीत माल कमी भरला. पुढं कळलं की खोकं मुळात येतानाच कमी भरून आलं होतं. पण ते कळेपर्यंत बरेच महिने गेले.

"तिले कोनी एक शब्द म्हटला नाही वो. चहाले बोलावनं बंद झालं फक्त. ती आली का लोक कपाटाकडं पाहत. मंग ती नोकरी सोडून गेली." चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. "दुसरी चावी चोरासाठी नाही, पोरी. तुह्यावर कोनी बोट दाखवलं तं माही चावी साक्ष देईन, अना माह्यावर दाखवलं तं तुही. मानसाले एकटं पडू द्यायचं नाही, त्याच्यासाठी हाय ते."

तेव्हापासून पावसात त्यांना स्टॉपवर सोडून जाताना बेबीबाई काहीही बोलली तरी माझा तिळपापड होईना. अर्धाच व्हायचा.

तर अशी ही गाडी चाललेली, आणि मॅडमची निवृत्ती आली. त्यात एक घोळ होता. कपाटाच्या खालच्या फळीवर आधीच्या एका प्रकल्पातल्या मॉर्फिनच्या कुप्या पडून होत्या, मुदत संपलेल्या. त्या वापरता येत नव्हत्या आणि टाकताही येत नव्हत्या. औषध खात्याचे साहेब येऊन त्यांच्या डोळ्यांदेखत नष्ट झाल्या, की मगच जुना हिशेब मिटणार आणि परवान्यावर माझं नाव चढणार. नाहीतर मॅडमसोबत परवानाही निवृत्त. म्हणजे कपाट सील, केंद्राला टाळं, आणि माझी पीएच.डी. अर्ध्यात लोंबकळत. मॅडम अर्जावर अर्ज पाठवत होत्या आणि साहेबांना काही सवड होत नव्हती.

माझा धीर सुटत चालला. एका दुपारी मी म्हटलंच, "मॅडम, बेसिनमध्ये ओतून नळ सोडला तर कोणाला कळणार आहे?"

"वैनगंगेनं तुहं काय घोडं मारलं वो?" मॅडम अशा कडाडल्या की उंदीर कोपऱ्यात गेले. "खालची गावंच्या गावं त्या पान्यावर हायेत. मासे हायेत. अना माह्या कपाटातून निघालेलं नदीत गेलं, हे तुले कळन ना? मले कळन ना? मंग कोनाले कळाचं राह्यलं?" जरा वेळानं शांत झाल्या, आणि मला म्हणाल्या, "परवाना काय, कागद हाय. भेटला तं भेटला. पन मी गेल्यावर या कपाटासमोर उभं राहून कोनाले तरी 'नाही' म्हनता आलं पायजे. तेवढं एक मानूस मागं सोडून जातो का नाही, हेच मले कळून नाही राह्यलं."

ते मला फार लागलं. रात्री जेवले नाही मी.

आणि निवृत्तीच्या आठवड्यातच फोन आला. साहेब येणार. सकाळी येऊन काम उरकून पुढं गोंदियाला जाणार, थांबणार नाहीत. आदल्या दिवशी मी आणि मॅडमनी सगळी तयारी केली. धानाचा कोंडा, राख आणि शेण एका मोठ्या पिंपात कालवायचं, त्यात कुप्या रिकाम्या करायच्या, म्हणजे कोणी सोन्याचे हात घेऊन आला तरी त्यातून काही परत काढू शकणार नाही. मग पिंप सील करून जाळायला पाठवायचं. हा मॅडमचा मसाला, रीतसर लिहून खात्याकडून मान्य करून घेतलेला.

त्या सकाळी मी लवकर निघाले. मॅडम स्टॉपवर होत्या, नवी साडी नेसून. 'जा, जा' झालं. पुलाच्या मध्यावर पोचले आणि माझं मागचं चाक बसलं. गाडी वेडीवाकडी झाली, मी कठड्याच्या बाजूला आपटले. फार लागलं नाही, पण पाय असा मुरगळला की टेकवता येईना. मागं ट्रक भोंगे वाजवून राहिलेले. तेवढ्यात एसटी आली, आणि खिडकीतून मॅडमचा आवाज, "थांबवा, थांबवा जी! माही पोट्टी पडली!"

बस थांबली. मॅडम उतरल्या, माझा पाय दाबून पाहिला. मोडला नाही हे कळल्यावर लगेच हुकूम सुटला. "तू बसमधी बैस. जाऊन पिंप मांड, साहेबाले थांबव. मी गाडी आनतो."

"मॅडम, तुम्ही ढकलत आणणार? तुम्हीपण चला ना बसमध्ये, गाडी राहू द्या इथंच."

त्यांनी माझ्याकडं नुसतं पाहिलं. मला समजलं. चाव्या.

कंडक्टर खाली उतरला. "बाई, दोघीही बसा ना, जागा हाय."

"एकीलेच बसवा जी. मी येतो मागून."

आतून कोणीतरी कारध्याचं बोललं, "म्या सांगत नव्हतो? एका बसमधीही बसत नाहीत!" सगळ्या बसनं मान हलवली. मला हसू की रडू कळेना. कंडक्टरनं मला दाराजवळच्या सीटवर बसवलं. मॅडमनी गाडीचं हँडल दोन्ही हातांनी धरायला म्हणून खांद्यावरची पर्स काढली, दारातून माझ्या मांडीवर टाकली, पदर खोचला आणि गाडी ढकलायला लागल्या. बस सुटली.

पूल संपायच्या आत मांडीवरच्या पर्समधून घुंगरू वाजलं. मॅडमनी आपल्या चावीला बैलाच्या माळेतलं एक लहान घुंगरू बांधलेलं होतं, हरवली तर सापडावी म्हणून. ज्या नियमासाठी बाई भर पुलावर उतरली, त्याच नियमाची दुसरी चावी तिनं स्वतःच्या हातानं माझ्या मांडीवर ठेवली होती. आणि फोनही त्याच पर्समध्ये. कळवू कुठं?

लंगडत कॉलेजात पोचले तर साहेब आलेले. तरुण होते, कोरे करकरीत बूट, सारखं घड्याळ पाहत होते. लांजेवार सर त्यांना चहा पाजून पाजून थकलेले. मी पिंप मांडलं, पर्स टेबलाच्या मध्ये ठेवली आणि सांगितलं, मॅडम येत आहेत. बराच वेळ गेला. साहेब उठले.

"चावी नाही का तुमच्याकडं?"

"एक आहे."

"आणि दुसरी?"

खोटं बोलता आलं असतं. पण माझ्या चेहऱ्यावर काही लपत नाही. "या पर्समध्ये आहे."

साहेब हसले. "मग अडलं कुठं? उघडा. मी आहे, प्राचार्य आहेत. पाच मिनिटांचं काम."

लांजेवार सर माझ्या कानाशी म्हणाले, "उघडून टाक बेटा. हे गेले तर परत येत नाहीत. मॅडमचंही नुकसान, तुझंही." सरांचं काही चुकत नव्हतं. माझी सगळी वर्षं त्या कपाटात होती. पर्सची चेन माझ्यापासून हातभर. मॅडमच त्यांचं आयुष्याचं काम तडीस गेलेलं पाहून खूश झाल्या असत्या, असंही मनात आलं. आणि मग त्या पुष्पाबाई मनात आल्या, ज्यांना मी कधी पाहिलंही नव्हतं.

"नाही जी," मी म्हणाले. "चाव्या दोन आहेत, पण माणूस एकच आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे मी एकटीनं दोन्ही उघडली, तर उद्या काही कमी निघालं की मी एकटी. आणि न उघडता तुम्ही गेलात, तर परवाना गेला. जाऊ द्या." शेवटचं जाऊ द्या म्हणता म्हणता मी साहेबांसमोर भोकाड पसरलं. लाज वाटते सांगायला, पण पसरलं.

साहेब गडबडले. रडणाऱ्या बाईसमोरून निघून जाणंही त्यांना जमेना. ते पुन्हा बसले. सरांनी पुन्हा चहा सांगितला.

तेवढ्यात बाहेर ट्रॅक्टरचा धडधडाट. आम्ही खिडकीशी गेलो. धानाच्या पोत्यांनी भरलेली ट्रॉली गेटातून आत येत होती, पोत्यांवर आडवी माझी स्कूटर, आणि स्कूटरला मिठी मारून रंगारी मॅडम. केसांत कोंडा, नव्या साडीची पार वाट. पुलाच्या पलीकडं ओळखीचा शेतकरी भेटला होता म्हणे.

मॅडम धापा टाकत आत आल्या. साहेबांना नमस्कार नाही, काही नाही. पहिली नजर टेबलावरच्या पर्सवर. चेन लावलेली. मग कपाटावर. दोन्ही कुलपं जागेवर. मग माझ्याकडं पाहिलं. माझं नाक लाल, डोळे सुजलेले.

"अर्ध्या पुलावर घुंगरू आठवलं मले," त्या म्हणाल्या. "म्हटलं, गेलं आता. पोट्टी उघडन." एवढं बोलून खुर्चीत बसल्या आणि पदरानं डोळे पुसायला लागल्या. मी मॅडमना रडताना त्याच्या आधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही. मग एकदम उठल्या. "चला साहेब! तुम्हाले गोंदियाले जायाचं ना? कायले बसून राहिले मंग?"

दोन चाव्या लागल्या, दोन कुलपं उघडली. कुप्या मोजल्या, फोडल्या, पिंपात रिकाम्या केल्या. साहेबांनी नाकाला रुमाल लावत शंका काढली, "शेणाचा उल्लेख नियमात कुठं आहे?"

"नियमात काय हाय, परत काढता येऊ नये असं करा. काढून दाखवा जी यातून कोनी. हात घाला."

साहेबांनी हात घातला नाही. एका कोऱ्या बुटावर मात्र शिंतोडा उडाला. पिंप सील झालं, सह्या झाल्या. जाताना साहेब दारात थांबले आणि मला म्हणाले, "परवान्याचं माझ्याकडून अडणार नाही. लवकर करतो." आणि केलं, हे कबूल करायला पाहिजे.

शेवटच्या दिवशी मॅडमनी आपली चावी रीतसर सोपवली. मी खूश होऊन म्हटलं, "आता काही अडचण नाही. चला, बसा माझ्या गाडीवर." मॅडम इकडं पाहतात, तिकडं पाहतात. शेवटी म्हणाल्या, "खरं सांगू का? मले दुचाकीचं भेव लागते वो." आणि गेल्या एसटीनंच! मी इतकी चिडले की काय सांगू. एवढ्या वर्षांच्या बेबीबाईच्या शिव्यांतल्या अर्ध्या तरी त्यांच्या नावावर करून घ्यायला हव्या होत्या.

निवृत्तीनंतर त्या आसगावला भावाकडं राहायला गेल्या. परवाना माझ्या नावावर आला, पीएच.डी. झाली. दुसरी चावी आता आमच्याकडच्या वैशाली भोयरकडं असते.

परवा त्या आल्या होत्या, नव्या तांदळाची पिशवी घेऊन. मी आणि वैशाली कपाट उघडून बसलेलो. कुप्या ट्रेमध्ये काढलेल्या. दारातून आवाज आला, "काय वो पोट्टीहो!" आणि मॅडम सरळ आत, जसं काही मध्ये सुट्टी होती आणि आता संपली. ट्रे धरायला हातही पुढं केलेला.

"मॅडम, तिथंच थांबा जी."

माझंच तोंड बोलून गेलं. वैशालीनं माझ्याकडं असं पाहिलं की मी मेले. पण बोलले ते बोलले. मान खाली घालून पुढं म्हटलं, "कपाट उघडं आहे. तुमचं नाव आता परवान्यावर नाही. बाहेर थांबा."

मॅडमचा पुढं टाकलेला पाय तसाच मागं गेला. बाहेर जाऊन उभ्या राहिल्या. आम्ही काम संपवलं. ज्या बाईनं मला हे सगळं दिलं, तिला मी दारातून परत पाठवलं होतं. दोन्ही कुलपं लावली आणि माफी मागायला बाहेर धावले.

तर कॉरिडॉरमध्ये ही गर्दी. ग्रंथपाल, हिशेबनीस, लांजेवार सरसुद्धा, आणि मध्ये मॅडम, चेहरा नुसता फुललेला. "मले हाकललं! आयकलं का सर? माह्याच कपाटापासून मले हाकललं या पोट्टीनं! म्हने, तुमचं नाव नाही!" प्रत्येकाला पहिल्यापासून सांगत होत्या, आणि सांगायच्या आधीच हसत होत्या. मला जवळ ओढून माझ्या पाठीत एक जोराचा धपका घातला. अजून दुखतंय.

आसगावला जायला पवनीची गाडी, तिथवर मी सोडायला गेले. मॅडमना खिडकीची जागा मिळाली. कंडक्टर तिकिटाला आला, तर त्याला म्हणाल्या, "तिकीट मंग फाडजो बाप्पा, आधी आयक, आज काय झालं." बस हलली तेव्हा त्या माझ्याकडं बोट दाखवून त्याला सांगत होत्या, आणि त्या बाजूच्या सगळ्या खिडक्यांमधली माणसं वळून वळून माझ्याकडं पाहत होती.